चार आण्यांची पावती

पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीच्या आडोशाला, एक माणूस हातात पावतीपुस्तक घेऊन उभा असायचा. खिशात दोन पेन असायची. एक लिहायला, आणि दुसरं कुणी मागितलंच तर द्यायला. पहिली पाळी सुटली की माणसं घाईत बाहेर पडायची. कुणी न बोलता नोट पुढे करायचा, कुणी ‘पुढच्या महिन्यात दोन्ही घ्या’ म्हणून सायकलवर टांग टाकायचा, तर कुणी उभ्या उभ्या पाच मिनिटं तक्रार सांगायचा आणि पैसे द्यायचे विसरून निघून जायचा. हा उभा असलेला माणूस म्हणजे युनियनचा खजिनदार. त्याला या कामाचा पगार नसे. पाळी संपवून तो घरी जायच्या आधी दोन तास पावत्या फाडत असे.

एवढी धडपड किती पैशांसाठी? आपण एक हिशेब मांडून पाहू. समजा दीडशे कामगारांचा एक कारखाना आहे आणि त्यातले १२० जण युनियनचे सभासद आहेत. जुन्या कायद्याने ठरवलेली किमान वर्गणी घेतली, म्हणजे माणशी वर्षाला १२ रुपये, तर वर्षाची जमा होते १,४४० रुपये. महिना वीस रुपये वर्गणी ठेवली तर २८,८००. तीही सगळ्यांनी बाराही महिने दिली तर, आणि तसं कधी होत नाही. या रकमेत ऑफिसचं भाडं, टायपिंग, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मारलेल्या चकरा, गेटवरच्या बोर्डाची रंगरंगोटी, एक मेची सभा आणि वकील एवढं सगळं बसवायचं असतं. वकील त्यात कधीच बसत नाही.

छोट्या युनियनचा जमाखर्च पैशांचा म्हणून वाचला, तर तो हास्यास्पद वाटतो. पण तो पैशांचा हिशेब फार थोडा असतो. त्यात मुख्यतः माणसं मोजलेली असतात. हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीची सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून धरतात. १८९० च्या सुमाराची त्यांची ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही देशातली पहिली कामगार संघटना म्हणून सांगितली जाते. गंमत अशी की त्या काळच्या सरकारी अहवालात या संघटनेची नोंद ‘संघटना म्हणावी असं इथे काही नाही’ अशाच अर्थाची आहे. सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमही नाहीत. जो गिरणी कामगार येईल त्याला लोखंडे सल्ला देतात, एवढंच. तरीही याच लोखंड्यांनी कामगारांच्या हजारोंच्या सभा भरवल्या आणि जून १८९० मध्ये गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. खजिन्यात दमडी नसताना मिळालेला हा विजय मोठाच म्हणायला हवा. पण १८९७ मध्ये लोखंडे गेले आणि मागे संघटना म्हणून उचलून पुढे न्यावं असं फारसं काही उरलं नाही. ना वही, ना पेटी, ना कुणाची वर्गणी थकलेली.

पेटी असली की तिला चोर लागतात, आणि कधी कधी हा चोर न्यायालयाच्या दारातून येतो. ब्रिटनमध्ये हे आधी घडलं. दक्षिण वेल्समधल्या टाफ व्हेल रेल्वेवर १९०० साली संप झाला. कंपनीने रेल्वे कामगारांच्या युनियनवरच नुकसानीचा दावा लावला. १९०१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की युनियनच्या निधीतून भरपाई वसूल करता येईल. युनियनला २३,००० पौंड मोजावे लागले, शिवाय खटल्याचा खर्च. कामगारांनी वर्षानुवर्षं पेनी-पेनी साठवलेला पैसा एका संपासाठी मालकाच्या खिशात गेला. १९०६ मध्ये संसदेने कायदा करून हे दार बंद केलं.

आपल्याकडे हाच धडा मद्रासमध्ये गिरवला गेला. तिथे १९१८ साली बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन उभी राहिली होती. १९२० मध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलचा वाद पेटला तेव्हा ती गिरणी चालवणारी बिनी कंपनी उच्च न्यायालयात गेली. कामगारांना काम सोडायला चिथावलं, म्हणजे कंपनीशी असलेला करार मोडायला लावला, असा तिचा दावा होता. न्यायालयाने वाडियांविरुद्ध मनाई हुकूम दिला. युनियन चालवणं हाच गुन्हा ठरू शकतो आणि नुकसानभरपाईच्या नावाखाली पुढाऱ्यांचं घरदार जाऊ शकतं, हे त्या दिवशी देशभरच्या कार्यकर्त्यांना कळलं. १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ना. म. जोशींनी युनियनला कायद्याचं संरक्षण द्यावं असा ठराव मांडला. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा शांत, चिवट स्वभावाचा माणूस पाच वर्षं या विषयाच्या मागे लागला होता. १९२६ मध्ये ट्रेड युनियन्स अ‍ॅक्ट मंजूर झाला आणि १ जून १९२७ पासून अमलात आला. थोडक्यात, आपल्याकडचा युनियनचा मूळ कायदा जन्मला तोच पेटी वाचवायला.

संरक्षण मिळालं, पण त्याबरोबर कुंपणही आलं. युनियनचा ‘सर्वसाधारण निधी’ कशाकशावर खर्च करता येईल याची यादीच कायद्यात घातली. पगार आणि कार्यालयाचा खर्च, हिशेब तपासणी, कोर्टकज्जे, औद्योगिक वाद चालवणं, वादात नुकसान झालेल्या सभासदांना भरपाई, म्हातारपण, आजार, अपघात, बेकारी यांसाठी मदत, शिक्षण, अंत्यविधी, नियतकालिक. या यादीबाहेर पैसा खर्चायचा नाही. एकंदर कामगारांच्या भल्यासाठी दुसऱ्या कुणाला देणगी द्यायची असेल तरी तिला मर्यादा होती: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक आणि वर्षाचं उत्पन्न यांच्या बेरजेचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही.

राजकारणासाठी वेगळी पेटी. हीसुद्धा इंग्लंडमधूनच आलेली गोष्ट. टाफ व्हेलमध्ये हरलेल्या त्याच रेल्वे युनियनचा ऑस्बोर्न नावाचा एक सभासद, आपल्या वर्गणीतून मजूर पक्षाला पैसे का जातात म्हणून कोर्टात गेला आणि १९०९ मध्ये जिंकला. एकाच युनियनने दहा वर्षांत दोनदा कोर्टात हरून दोन देशांचा कायदा घडवला. त्यातून ‘राजकीय निधी वेगळा, तो ऐच्छिक, आणि न देणाऱ्याला सवलतींपासून वंचित ठेवायचं नाही’ हे तत्त्व निघालं आणि आपल्या १९२६ च्या कायद्यात बसलं. कागदावर ते सुंदर आहे. प्रत्यक्षात छोट्या युनियनच्या वार्षिक विवरणात राजकीय निधीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलेलं असतं. निवडणुकीत गाडी, झेंडे आणि माणसं मात्र युनियनचीच फिरतात. माणसांच्या वेळेचा हिशेब कुठल्याच नमुन्यात मागितलेला नाही.

हे वार्षिक विवरण मोठं वाचनीय असतं. त्याचे रकाने ब्रिटिश काळातच ठरले. मालमत्तेच्या बाजूला खजिनदाराकडची रोकड, चिटणिसाकडची रोकड, बँकेतली रोकड अशी तीन वेगवेगळी नोंद. ज्याने हा नमुना आखला, त्याला युनियनमधली माणसं चांगली ठाऊक असणार! खाली ‘न आलेली वर्गणी’ हीसुद्धा मालमत्ताच. छोट्या युनियनमध्ये अनेकदा हीच सगळ्यात मोठी मालमत्ता असते. खर्चाच्या बाजूला अंत्यविधी, म्हातारपण, आजारपण आणि बेकारी यांचा रकाना असतो. तिथे बहुधा शून्य दिसतं. इंग्लंडमधल्या अनेक युनियन मुळात परस्परसाहाय्याच्या भिशीसारख्या मंडळ्यांतून वाढल्या, म्हणून तो रकाना. आपल्याकडे सभासद दगावला तर वेगळीच वर्गणी निघते. कुणी शंभर देतो, कुणी पाचशे, कुणी एक दिवसाचा पगार. रुमालात गोळा झालेले ते पैसे त्याच संध्याकाळी घरी पोचते होतात आणि कुठल्याच वहीत येत नाहीत. युनियनने केलेलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खरं काम तिच्या ताळेबंदात सापडत नाही, याची मला नेहमी मौज वाटते.

विवरण पाठवलं नाही तर काय? १९२६ च्या कायद्यात दंड होता पाच रुपये, मग दर आठवड्याला आणखी पाच, आणि काही झालं तरी एकूण पन्नास रुपयांच्या वर नाही. पन्नास रुपयांना कुणी घाबरत नव्हतं. नोंदणी रद्द होण्याला घाबरत. हिशेब तपासायला सनदी लेखापालच हवा असंही नव्हतं. केंद्र सरकारच्या १९३८ च्या नियमावलीत, ज्या युनियनचे सभासद वर्षभरात २५० च्या वर गेले नाहीत, तिचे हिशेब तिच्याच कोणत्याही दोन सभासदांनी तपासले तरी चालत. म्हणजे लेथवरचा आणि पेंट शॉपमधला, असे दोघं जण रविवारी सकाळी खजिनदाराच्या घरी बसून पोह्यांबरोबर ऑडिट उरकू शकत होते. हा नियम मला ढिला वाटत नाही. घामाचे पैसे कुठे गेले हे विचारायला ज्याचे पैसे गेले त्याच्याइतका कडक तपासनीस दुसरा नाही. शिवाय युनियनच्या वह्या कुणाही सभासदाला पाहता येतील, असं कायद्यातच म्हटलेलं होतं. किती सभासदांनी तो हक्क वापरला, हा मात्र ज्याने त्याने स्वतःला विचारायचा प्रश्न.

आता वर्गणीकडे येऊ. १९६० च्या दुरुस्तीने किमान वर्गणी ठरली महिना २५ नये पैसे, म्हणजे चार आणे. १९६९ मध्ये न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने ती महिना एक रुपया करावी अशी शिफारस केली. ती केंद्रीय कायद्यात आली २००१ च्या दुरुस्तीने, आणि अमलात आली जानेवारी २००२ मध्ये. ग्रामीण कामगारांसाठी वर्षाला एक रुपया, इतर असंघटितांसाठी तीन, बाकीच्यांसाठी बारा. आयोगाने एक रुपया सुचवला तेव्हा त्या रुपयात काय काय येत होतं आणि तो मंजूर झाला तेव्हा काय येत होतं, याचा हिशेब घरच्या मोठ्या माणसांना विचारा.

मधल्या काळात महाराष्ट्राने आपला वेगळा रस्ता काढला. कामगार संघटनांना मान्यता देण्याच्या आणि अनुचित प्रथा रोखण्याच्या १९७१ च्या कायद्याने सभासदाची व्याख्याच वर्गणीवर उभी केली. महिना किमान पन्नास पैसे देतो तो सभासद, आणि मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर तो सभासद नाही. मान्यता हवी तर सतत सहा महिने किमान तीस टक्के कामगार सभासद असले पाहिजेत. मान्यता म्हणजे सर्वस्व, कारण व्यवस्थापनाशी टेबलावर बसायचा हक्क मान्यताप्राप्त युनियनचाच. मग एका कारखान्यात दोन युनियन भांडायला लागल्या की तपास अधिकारी काय बघणार? पावतीपुस्तकं. पन्नास पैशांच्या त्या कागदाला आता हजारो रुपयांच्या पगारवाढीचं वजन आलं.

वर्गणी वाढत का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. वर्गणी वाढवली तर माणसं कमी होतील, माणसं कमी झाली तर मान्यता जाईल, आणि शेजारची युनियन स्वस्त पडेल. काही कामगार दोन्हीकडे पावती फाडत. तो विमाच म्हणायचा. काही ठिकाणी पुढाऱ्यानेच स्वतःच्या खिशातून दुसऱ्यांची वर्गणी भरून संख्या फुगवली. जर्मनीतल्या आयजी मेटल या युनियनची वर्गणी एकूण पगाराच्या एक टक्का असते. आपल्याकडच्या वीस हजार पगाराच्या कामगाराला तो हिशेब लावला तर महिना दोनशे रुपये. आपल्या गेटवर हा आकडा उच्चारून पाहा.

स्वस्त वर्गणीची किंमत संपात कळते. पन्नास पैसे महिना म्हणजे वर्षाला सहा रुपये. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या सगळ्यांनी किमान दराने वर्षभर वर्गणी भरली असती तर जमले असते पंधरा लाख रुपये. आणि प्रत्येकाला दिवसाला नुसते दहा रुपये द्यायचे म्हटलं असतं तर लागले असते पंचवीस लाख. म्हणजे वर्षाचा खजिना एक दिवससुद्धा पुरला नसता. संप चालला तो गावाकडच्या धान्यावर, बायकांच्या खानावळींवर, दागिन्यांवर आणि दुकानदाराच्या उधारीवर. कोकण, सातारा, सांगली इथल्या शेतीने तो पोसला. युनियनचा संपनिधी गावातल्या कणगीत होता, असं म्हटलं तर चूक होणार नाही. आणि मान्यतेची पावती? ती मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडेच राहिली. माणसं एकाच्या मागे आणि कायद्याचा कागद दुसऱ्याच्या हातात, ही त्या संपाची न सुटलेली गाठ. तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही.

निधी नसताना काय करायचं, याचं वेगळं उत्तर १९१८ मध्ये अहमदाबादच्या संपात गांधीजींनी दिलं होतं. दान घ्यायचं नाही, मिळेल ते दुसरं काम करायचं. आश्रमाच्या बांधकामावर संपकऱ्यांनी वाळूच्या टोपल्या वाहिल्या आणि अनसूयाबेन साराभाईही त्यांच्या रांगेत होत्या. पुढे तिथल्या मजूर महाजन या युनियनने शाळा आणि दवाखाने चालवले, कारण त्यांची वर्गणी नियमित येत राहिली. मुंबईची चाल वेगळी. मे १९२८ मध्ये सार्वत्रिक संपाच्या ऐन भरात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली तेव्हा सभासद होते ३२४. वर्षअखेर ते ५४,००० वर गेले. मार्च १९२९ मध्ये पुढारी मीरत कटाच्या खटल्यात तुरुंगात गेले, त्या वर्षीचा संप फसला आणि लाट आली तशी ओसरली.

लाट हा शब्द मी मुद्दाम वापरला. छोट्या युनियनचा पंचवीस-तीस वर्षांचा जमाखर्च सलग वाचला तर तो असाच दिसतो. पहिल्या वर्षी उत्साह: रबरी शिक्का, बोर्ड, लेटरहेड, पेढे. मग तीन-चार वर्षं सपाट. मग करार होतो. पगारवाढ मागच्या तारखेपासून लागू होते, थकबाकी एकदम हातात पडते आणि त्यातून युनियन ‘लेव्ही’ घेते. त्या एका महिन्यात मागच्या दहा वर्षांएवढी वर्गणी जमते. याच महिन्यात भांडणंही जमतात. कुणी म्हणतो टक्का जास्त घेतला, कुणी म्हणतो पुढाऱ्याने गाडी घेतली. शहाणी कमिटी हा पैसा मुदत ठेवीत टाकते, कारण पुढच्या करारापर्यंत कुणीतरी निलंबित होणार, केस कामगार न्यायालयात आणि तिथून उच्च न्यायालयात जाणार, हे तिला माहीत असतं. आयकराची चिंता नसे, कारण १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(२४) ने नोंदणीकृत युनियनचं व्याजाचं आणि भाड्याचं उत्पन्न करमुक्त ठेवलं होतं.

मग उतार लागतो. जुने सभासद स्वेच्छानिवृत्ती घेतात, नवे येतात ते ठेकेदाराचे. वर्गणी आटते, व्याज मात्र चालू राहतं. एक वर्ष असं येतं की ठेवीवरचं व्याज वर्गणीपेक्षा जास्त भरतं. माझ्या मते युनियनच्या हिशेबात धोक्याची खूण कुठली असेल तर हीच. खजिना भरलेला आणि गेट रिकामं.

वसुलीची रीतही बदलली. १९८२ च्या दुरुस्तीनंतर वेतन प्रदान कायद्याखाली कामगाराच्या लेखी संमतीने वर्गणी पगारातूनच कापता येऊ लागली. पैसा वेळेवर येतो, पण कोण सभासद आहे याची यादी आपोआप मालकाच्या संगणकात जाते, आणि वाद झाला की नळ बंद करायची चावीही त्याच्याच हातात राहते. महाराष्ट्राच्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला पगारवाटपाच्या जागी वर्गणी गोळा करायचा हक्क दिला होता. आता पगार बँकेत जातो, वाटपाची खिडकीच उरली नाही, मग तो हक्क बजावायचा कुठे? मोबाइलवरून वर्गणी पाठवता येते, हे खरं. पण खजिनदाराच्या पुढ्यात उभं राहून ‘या महिन्यात ओव्हरटाइम खाल्ला हो’ हे सांगणं मोबाइलवरून होत नाही, आणि युनियनचा निम्मा कान तिथेच होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. दोन पेट्यांची विभागणी तिथेही आहे. वाटाघाटीच्या हक्कासाठी आता एकावन्न टक्क्यांची गोष्ट सुरू झाली आहे, म्हणजे माणसं मोजणं आणखी महत्त्वाचं झालं.

आणि कारखानाच बंद पडला तर? युनियन विसर्जित करून नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागे. शिल्लक पैशांचं काय करायचं हे युनियनच्या स्वतःच्या नियमात लिहिलेलं नसेल, तर त्याची वाटणी हाच अधिकारी करत असे. केंद्रीय नियमावलीत वाटणीची रीत सांगितली होती: प्रत्येक सभासदाने आपल्या सभासदत्वाच्या काळात जेवढी वर्गणी भरली असेल, त्या प्रमाणात. घरात जुन्या ट्रंकेत युनियनच्या पावत्या सापडल्या तर रद्दीत घालू नका.